वंशावळीत नसलेली बाई

मे महिना लागला की आमच्या शाळेच्या जिममधले दोर वर गुंडाळून ठेवतात, बास्केटबॉलच्या रेषांवर एकेकटी टेबलं मांडतात आणि दारावर 'शांतता, परीक्षा चालू आहे' असा कागद चिकटतो. वर्षभर या देशात ऊन मागूनही मिळत नाही. ते नेमकं परीक्षेच्या मुहूर्तावर उगवतं. मैदानाकडेच्या बर्चच्या झाडांचे परागकण खिडकीतून आत येतात आणि दर दोन मिनिटांनी कोणीतरी शिंकतं. नॉटिंगहॅमच्या या शाळेत मी एकोणीस वर्षं जीवशास्त्र शिकवते, म्हणजे त्या शिंका ऐकत दोन रांगांमधून मी काही कमी चालले नाही. पण गेली पाच वर्षं मी ते चालणं वेगळं चालत आले. जमिनीवरच्या पिवळ्या रेषेवर, टाचेला पंजा लावून, कोणाच्या लक्षात येणार नाही इतक्या हळू. भिंतीपर्यंत तोल गेला नाही की तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. मग परत फिरून पुन्हा तेच.

मला भीती वाटायची, हे आधीच सांगून टाकते. झाडांबद्दल, उन्हाबद्दल चार पानं लिहून मग अलगद भीतीवर यायचं, एवढा धीर माझ्यात नाही. मी स्वभावाने तापट आहे. आई म्हणायची, "खाण तशी माती, बापावर गेलीयस अगदी." तेव्हा तो नुसता टोमणा होता.

बाप म्हणजे आमचे नाना. आई गेल्यावर साताऱ्याचं घर बंद करून ते आमच्याकडे राहायला आले, तेव्हा अडुसष्ट वर्षांचे होते. पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन म्हणून त्यांची नोकरी झाली. हात असा, की कालव्याचा नकाशा पट्टी न लावता काढतील आणि वर लावलेली पट्टी शरमेल. इथे आल्यावर पहिल्या हिवाळ्यातच त्यांच्या हातातून कप सुटायला लागले. जेवताना डाव्या हाताची बोटं टेबलावर पेटी वाजवल्यासारखी हलायची. मोजा घातलेला पाय उगाच उडायचा. एकदा क्रिकेट बघताना त्यांनी रिमोट टीव्हीवर फेकला आणि आम्ही सगळे हसलो. सर्वांत आधी हसायचा थांबला तो सतीश, माझा नवरा. तो भूलतज्ज्ञ आहे. माणसांना झोपवून तासन् तास त्यांच्याकडे बघत बसायचा त्याला सराव आहे. त्या रात्री भांडी विसळताना तो मला म्हणाला, "हे म्हातारपण नाहीये गं. आपण यांना दाखवू या."

दाखवलं. जीपीने, म्हणजे आमच्या नेहमीच्या डॉक्टरने, न्यूरॉलॉजिस्टकडे धाडलं, त्यांनी जनुकीय तपासणीच्या क्लिनिककडे. जे काय असावं असा संशय होता, त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. ते एका डॉक्टरचं आडनाव आहे आणि आमच्या घरात त्याला आम्ही 'ते' म्हणतो. 'ते' मेंदूत होतं. चाळिशी-पन्नाशीत, कधी नानांसारखं आणखी उशिरा सुरू होतं. हातपाय नाचायला लागतात, माणूस चिडका होतो, मग गिळता येईनासं होतं. औषध नाही. आई किंवा वडील यांपैकी एकाकडे असलं, तर प्रत्येक मुलाला ते येण्याची शक्यता निम्मी. नाणं उडवावं तसं.

क्लिनिकच्या पत्रात लिहिलं होतं, घराण्याची माहिती सोबत आणा. नाना खूश झाले. त्यांनी आलेखाच्या कागदावर शाईने सात पिढ्यांची वंशावळ काढली. रेषा जराशा नागमोडी आल्या होत्या, तेवढंच. क्लिनिकमधल्या समुपदेशक बाईंचं नाव जून. चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, आवाज लोण्यासारखा. त्यांनी तो कागद दोन्ही हातांनी धरून कौतुकाने पाहिला आणि विचारलं, "यात बायका कुठे आहेत?"

"वंशावळीत बायका दाखवत नाहीत, मॅडम," नानांनी आपल्या सरकारी इंग्रजीत सांगितलं.

मग जूनबाईंनी कोरा कागद घेतला. पुरुषांना चौकोन, बायकांना गोल. मी भराभर सांगत गेले. आजोबा एक्याण्णव वर्षांचे होऊन गेले, शेवटपर्यंत सुईत दोरा स्वतः ओवायचे. आजी झोपेत गेली. चुलतआजोबा, आत्याआजी, कोणाचं बोटसुद्धा कधी हललं नाही. जूनबाईंनी खाली लिहिलं की घराण्यात पूर्वी कोणालाही नाही. रक्त घेतलं, निकालाला काही आठवडे लागतील म्हणाल्या. बाहेर येऊन आम्ही दोघांनी कॅन्टीनमध्ये चीज टोस्ट खाल्ला आणि नाना म्हणाले, "बाई सज्जन आहे. पण हिला गोत्र विचारायचं सुचलं नाही."

नाना दत्तक आले होते. हे मला माहीत होतं. आमचं साताऱ्याचं घर पूर्वाभिमुख आहे हे जसं माहीत होतं, तसं. आजोबांना मूल नव्हतं म्हणून कृष्णाकाठच्या एका गावातल्या लांबच्या ओळखीच्या घरातून चार वर्षांचा मुलगा आणला, दत्तहोम केला, आजीच्या मांडीवर बसवला, नाव बदललं, गोत्र बदललं. त्या दिवसापासून ते घर परकं. लग्नपत्रिकेत त्यांचं नाव नाही, श्राद्धाला त्यांची आठवण नाही. नानांनी क्लिनिकमध्ये काही लपवलं नाही. त्यांच्या हिशेबी त्यांनी खरीच वंशावळ काढली होती. प्रश्न माझा होता. अर्धी गुणसूत्रं आईची, अर्धी वडिलांची, हे मी दर वर्षी तीन तुकड्यांना शिकवत होते, आणि तरी त्या टेबलाशी बसून सुईदोऱ्याची गोष्ट सांगत होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

त्याच महिन्यात मी वर्गात उत्क्रांतीची उजळणी घेत होते. केली नावाची एक मुलगी पुढच्या बाकावर बसायची, नखांना हिरवा रंग लावून. आम्ही उशिरा होणाऱ्या आनुवंशिक रोगांवर आलो. मी नेहमीचं बोलले, की निसर्गनिवड मुलं होऊन ती हाताशी येईपर्यंत तुमच्याकडे बघते. त्यानंतर जे बिघडतं ते तिला दिसत नाही, म्हणून असे रोग टिकून राहतात. केलीने हात वर केला. "मिस, म्हणजे मुलं मोठी झाली की आपण उरलेलं अन्न?" वर्ग हसला. मी म्हटलं, यावर वाद आहे. माणसांतल्या बायका पाळी गेल्यावरही वर्षानुवर्षं का जगतात, हे कोडं आहे. काही जण म्हणतात, आज्या नातवंडांना सांभाळतात, खाऊ घालतात, म्हणून निसर्गाला त्याही हव्या असतात. "मग आज्या हव्या असतील तर असले रोग का ठेवले?" केली म्हणाली. मी म्हटलं, कोणी म्हणतं की त्या जनुकाचा तरुणपणी काही फायदा होत असेल. कोणी म्हणतं, नुसतीच सफाई राहून गेलीये. नक्की कोणालाच माहीत नाही. "मार्क स्कीममध्ये काय लिहायचं, मिस?" मार्क स्कीममध्ये 'अजून माहीत नाही' याला गुण नसतात. मी तिला पहिलं उत्तर लिहायला सांगितलं.

एरवी मला हे उघडे प्रश्न फार आवडायचे. माणसाच्या जनुकांचा नकाशा पूर्ण झाल्याची बातमी येऊन थोडीच वर्षं झाली होती. वर्तमानपत्रांना वाटत होतं, आता सगळं समजलं. मी मुलांना सांगायचे, पुस्तक मिळालंय पण वाचता येत नाहीये. 'त्या' रोगाचंच घ्या. एका जनुकात तीन अक्षरं पुन्हा पुन्हा येतात, रेकॉर्ड अडकावी तशी. ती तुमच्यात येतात, माझ्यात येतात. एका मर्यादेपर्यंत काही होत नाही. ती ओलांडली की होतं. ते जनुक एरवी काय काम करतं? पुरतं कळलेलं नाही. शरीरभर असून मेंदूतल्या त्याच पेशी का मारतं? कळलेलं नाही. इतकी वर्षं गप्प का बसतं? तेही नाही. आणि बापाकडून येताना ती अक्षरं पुष्कळदा वाढतात, म्हणजे पुढच्या पिढीला ते आणखी लवकर गाठतं. दुसऱ्याच्या घराबद्दल असतं, तोवर हे फार सुंदर कोडं आहे.

तन्मय, आमचा एकुलता एक, त्या वर्षी ए लेव्हलला, म्हणजे इथल्या बारावीला होता. एप्रिलमध्ये अठरा पूर्ण झाली होती. केंब्रिजची ऑफर होती, नॅचरल सायन्सेसची. ग्रेड्स आल्या की झालं. मागच्या दाराशी जेवणाचं टेबल, त्यावर त्याच्या फाइली, दार उघडं, शेजाऱ्याच्या गवत कापायच्या मशीनचा आवाज, ताज्या गवताचा वास. मी समोर बसून त्याला प्रश्न विचारत होते. नाना खिडकीशी खुर्चीत होते, पाय चालू होता.

"आई-वडील दोघं नॉर्मल, पण मुलाला डॉमिनंट रोग आहे. शक्यता काय काय?" मी विचारलं.

"न्यू म्यूटेशन. किंवा पेरेंट लवकर मेला, डिसीज दिसायच्या आधी. किंवा..." तन्मय पेन चावत म्हणाला, "बाबा हा खरा बाबा नाहीये. किंवा अॅडॉप्टेड."

नाना खुर्चीत पुढे सरकले. "दत्तक घेतलं तर काय म्हणतोस?"

"नाना, अॅडॉप्ट केला तर डीएनए बदलत नाही ना. ती तर जुन्या फॅमिलीचाच राहते."

"होम केला तरी?"

तन्मय हसला. मी हसले नाही. नानांनी उडता पाय दुसऱ्या पायाखाली दाबून धरला आणि माझ्याकडे पाहिलं. "मग अगं," ते म्हणाले, "ती थोरल्या घरची काकू... तिच्या अंगात यायचं."

काकू म्हणजे त्यांची जन्मदाती. दत्तक गेल्यावर त्यांना तिला काकू म्हणायला शिकवलं होतं. वर्षातून एकदा देवीच्या उत्सवाला आजोबा त्यांना त्या गावी न्यायचे. देवळाच्या मंडपात ती उभी असायची, केस मोकळे, मळवट भरलेला, हात खांद्यापासून नाचत, मान एकीकडे झटके खात. बायका तिची ओटी भरायच्या, पाया पडायच्या, प्रश्न विचारायच्या. मुलगा होईल का, म्हैस सापडेल का. "मीही पाया पडलो होतो," नाना म्हणाले. "ती माझ्याकडे बघत होती पण मान ठरत नव्हती." पुढे उत्सव नसतानाही तिचं अंग थांबेना, तसे लोक यायचे बंद झाले. मग तिला गोठ्याशेजारच्या खोलीत ठेवलं. नाना नऊ वर्षांचे असताना ती भाताचा घास अडकून गेली. दत्तक गेलेल्या मुलाला जन्मदातीचं सुतक तीनच दिवसांचं. चौथ्या दिवशी नाना शाळेत होते.

"तिचं नाव काय होतं, नाना?" मी विचारलं.

त्यांनी बराच वेळ आठवून पाहिलं. "काकू," ते म्हणाले.

टेबलावरची पोळ्यांची ताटली मी उचलली आणि ओट्याकडे जाता जाता ती माझ्या हातातून पडली. साधी पडली, हाताला तेल लागलं होतं. पण त्या ताटलीचा आवाज झाला आणि आम्ही तिघंही माझ्या हाताकडे पाहत राहिलो. पुढची पाच वर्षं माझ्या हातून काहीही पडलं की घरात तशी शांतता व्हायची.

निकाल जूनमध्ये आला, तन्मयच्या केमिस्ट्रीच्या पेपरच्या आदल्या दिवशी. नानांना ते होतंच. जूनबाईंनी त्यांच्या जुन्या कागदावर रेघ मारली नाही. नवीन कागद घेतला आणि सर्वांत वर एक गोल काढला. नाव माहीत नसलेला, आतून काळा केलेला गोल. त्याखाली नानांचा काळा चौकोन. त्याखाली माझा गोल, रिकामा, आणि माझ्याखाली तन्मयचा चौकोन, रिकामा. "तुमची तपासणी करायची की नाही, हे सर्वस्वी तुमच्यावर आहे," त्या म्हणाल्या. "पुष्कळ जण करत नाहीत." मला त्यांचा एकदम आधार वाटला. झाकली मूठ सव्वा लाखाची, आमच्याकडे म्हणतात. मी मूठ झाकायची ठरवली.

तन्मयपासून ते लपवणं शक्यच नव्हतं. परीक्षा संपेपर्यंत त्याने एक शब्द विचारला नाही. शेवटचा पेपर देऊन आला, बॅग कोपऱ्यात टाकली आणि मागच्या पायरीवर माझ्याशेजारी येऊन बसला. समोर एल्डरच्या झुडपाला पांढरी फुलं आली होती.

"आई, माझं चान्स ट्वेंटीफाइव्ह परसेंट आहे. मी लायब्ररीत वाचला. अठरा झाले की स्वतः टेस्ट करता येतं."

"अरे, इतक्यात कशाला?"

"मला माहीत पाहिजे. केंब्रिजला जायच्या आधी. हा माझी डिसिजन आहे ना?"

त्याच्या मराठीत लिंगं नेहमी अशी गडबडतात आणि एरवी मी ती सुधारते. त्या दिवशी सुधारली नाहीत, कारण मला कळत होतं तो काय मागतोय. त्याला ते असेल, तर ते माझ्यातूनच गेलेलं असणार. त्याचा लिफाफा उघडला की माझाही उघडणार. जूनबाईंना मी हे पुढे विचारलं. त्यांनी चष्मा काढून ठेवला. मुलाचा जाणून घ्यायचा हक्क मोठा की आईचा न जाणायचा, यावर आमच्यातही एकमत नाही, म्हणाल्या. उघडा प्रश्न. मला तेव्हा जगातले सगळे उघडे प्रश्न नकोसे झाले होते.

पायरीवर मी काय बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं. "तनू, माझ्या आधी नको. आणि मला इतक्यात नको. मला सहन नाही होणार रे. आणि घरातली गोष्ट आहे, कोणाला सांगू नकोस." तो "ओके" म्हणाला. मी त्याच्या केसांतून हात फिरवला आणि त्याला सरबत करून दिलं. इतक्या सहज ऐकलं, म्हणून मला पोराचं कौतुक वाटलं.

मन चिंती ते वैरी न चिंती. दात घासताना मी एका पायावर उभी राहायची. सिग्नलला गाडी थांबली की स्टिअरिंगवर अंगठा प्रत्येक बोटाला टेकवून बघायची, आधी उजवा हात मग डावा, मागच्याने हॉर्न देईपर्यंत. आताच्या अक्षराशी ताडून बघायला माझ्या जुन्या वह्या काढायची. सतीश माझ्या हातांकडे बघतो हे मला एकदा जेवताना दिसलं. तो झोपवलेल्या माणसाकडे बघतो, तसा बघत होता. मी हात मांडीवर घेतले आणि त्याने आमटी वाढून घेतली. त्यावर आम्ही कधीच बोललो नाही. नानांचं मात्र डोळ्यांसमोर चाललं होतं. आधी त्यांची पेन्सिल गेली, मग पायऱ्या, मग चमचा. त्यांना मऊ भात भरवताना प्रत्येक घासाला मला गोठ्याशेजारची खोली आठवायची. दोन हिवाळ्यांपूर्वी ते न्युमोनियाने गेले. मी सुतक दहा दिवस पाळलं आणि अकराव्या दिवशी शाळेत गेले.

सगळ्यांत वाईट म्हणजे राग. मी आधीपासून चिडकी आहे, सांगितलंच. पण आता प्रत्येक वेळी आवाज चढला की प्रश्न पडायचा, हा राग माझा की 'त्या' रोगाचा? जन्मतःच आणलेला की नुकताच सुरू झालेला? वर्गात मी स्वभाव आणि संस्कार यांचा वाद शिकवायची. किती टक्के रक्तातलं, किती टक्के वाढवण्यातलं. मुलं दोन्ही बाजूंनी मुद्दे लिहायची. मला एकही बाजू पटायची नाही, कारण माझ्याच तोंडून निघालेलं वाक्य कोणाचं हे मला सांगता येत नव्हतं. एक जुना फ्रेंच शास्त्रज्ञ म्हणून गेला की आयुष्यात कमावलेलं मुलांना मिळतं, जिराफाने मान ताणली की पिल्लाची मान लांब होते. शंभर वर्षं आम्ही त्याची टिंगल केली. आता पुन्हा काही लोक हळूच म्हणतात, उपासमार, धास्ती यांची काहीतरी खूण पुढच्या पिढीत उतरत असेल. खरं की खोटं, भांडण चालू आहे. मी ते लेख वाचते आणि अर्ध्यावर मिटते.

या जानेवारीत मी एका मुलावर डस्टर फेकला. लागला नाही, भिंतीवर आपटला. नानांचा रिमोट मला तिथेच वर्गात दिसला. वर्ग सुटल्यावर मी गाडीत बसून जूनबाईंना फोन लावला. त्या निवृत्त झाल्या होत्या. त्यांच्या जागी आलेल्या तरुण मुलीने मला तीन भेटी दिल्या, निकाल असा आला तर काय कराल, तसा आला तर काय कराल ते विचारलं, आणि रक्त घेतलं. सतीशला सांगितलं. तन्मयला नाही. तो आता तेवीस वर्षांचा. केंब्रिजला पहिल्या वर्षानंतर जनुकशास्त्र सोडून त्याने गणित घेतलं, वॉटफर्डला राहतो, रोज ट्रेनने लंडनला एका सॉफ्टवेअर कंपनीत जातो. दर रविवारी फोन करतो. आवाज नेहमी छान असतो.

निकालाचा दिवस या मे महिन्यातला बुधवार. सकाळी जिममध्ये जीवशास्त्राचा पेपर होता. मी रेषेवरून चालले, दोनदा तोल गेला. दुपारी सतीशबरोबर क्लिनिकच्या खोलीत बसले, तिथे टिश्यूचा खोका आधीच माझ्याकडच्या बाजूला ठेवला होता, आणि तो पाहून मला वाटलं, संपलं. त्या मुलीने कागद उघडण्याच्या आधीच सांगितलं, "चांगली बातमी आहे." अक्षरं मर्यादेच्या खूप आत होती. नाणं नानांनी माझ्या बाजूने उडवलं होतं. सतीश तिथेच मोठ्याने रडला. मी त्याला इतक्या वर्षांत पहिल्यांदा रडताना पाहिलं. मला रडू आलं नाही. मला फक्त तन्मयकडे जायचं होतं.

हे फोनवर सांगायचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून मी गाडी पकडली, लंडनला बदलली आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला वॉटफर्डला त्याच्या फ्लॅटची बेल वाजवली. न कळवता मी कधीच जात नाही. त्याने दार उघडलं, मला पाहिलं आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. चौकटीला धरून तो उभा राहिला.

"आई, कधीपासून?" त्याने विचारलं. "हात? का चालणं?"

"नाही रे. नाहीये. टेस्ट केली मी. माझ्यात नाहीये. म्हणजे तुझ्यातही नाही, असूच शकत नाही."

तो दारातल्या चपलांच्या मांडणीवर खाली बसला. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि तेव्हा कुठे मला कळलं, की इतकी वर्षं घरात भीती फक्त मला वाटते असं मी धरून चालले होते. तो दात कसे घासत होता, सिग्नलला बोटं कशी मोजत होता, मी कधी विचारलं नव्हतं.

मग त्याने आत नेऊन चहा केला. सिंकजवळ दोन मग होते, एकावर फुलांचं चित्र. मी सहज म्हटलं, "रेचेलला बोलाव ना कधी घरी. बऱ्याच दिवसांत नाव नाही काढलंस." रेचेल त्याची मैत्रीण. दोनदा आमच्याकडे येऊन गेली होती, पुरणपोळीवर तूप मागून घ्यायची.

"ती नाहीये आता. ब्रेकअप झाला. दीड वर्ष झाला."

"का रे? काय झालं?"

"तिला लग्न पाहिजे होतं. किड्स पाहिजे होते. मी नाही म्हणालो." तो चहाची पिशवी चमच्याने दाबत होता. "ती विचारत होती, का नाही? का नाही? मला सांगायचं होतं. पण तू बोललीस ना, कोणाला नाही सांगायचं. आणि टेस्ट तर तुझ्याआधी नाही. मग मी तिला बोललो, की मला तू आवडत नाहीस."

वेड्यासारखं मी म्हटलं, "मी बोलू का तिच्याशी? मी समजावून सांगते तिला. आत्ता लावू फोन?"

"ऑगस्टमध्ये तिचा लग्न आहे, आई." त्याने मग माझ्यापुढे ठेवला, फुलांचा. "आणि काय सांगशील तू तिला? की काहीच नव्हता?"